वाढीची रेघ आणि तीस वर्षांनंतरची साखर

"भावजी, हे खरं का हो?" असं विचारत वाळपईच्या वहिनींनी परवा एक मेसेज पाठवला. लहानपणी झपाट्याने वजन वाढणाऱ्या मुलांना मोठेपणी मधुमेह होतो, असा मथळा आणि खाली लाल अक्षरांत आईवडिलांना इशारा. सोबत नातीच्या अंगणवाडीच्या कार्डाचा फोटो होता. त्यावर तीन ठिपके: दुसऱ्या वाढदिवसाला १०.२ किलो, तिसऱ्याला १३.१, चौथ्याला १६.२. सगळे हिरव्या पट्ट्यात, पण रेघ चांगलीच उभी. वहिनी घाबरल्या होत्या.

अशा मेसेजच्या मुळाशी कुठेतरी खरं संशोधन असतं. दिल्लीत लहानपणापासून वारंवार मोजमाप झालेल्या १४९२ जणांची २६ ते ३२ वर्षांच्या वयात साखर तपासली गेली आणि त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. ४.४ टक्के जणांना मधुमेह होता, आणखी १०.८ टक्के त्याच्या उंबरठ्यावर होते. या दोन्ही गटांतली माणसं साधारणपणे दोन वर्षांची होईपर्यंत उंचीच्या मानाने हडकुळी होती, नंतर त्यांचं वजन उंचीच्या तुलनेत वेगाने वाढत गेलं. बारा वर्षांच्या वयात मात्र त्यांच्यातलं कुणीही स्थूल नव्हतं. 'गुटगुटीत मूल पुढे मधुमेही' असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

मला मात्र यातला वेगळाच प्रश्न कायम खुणावतो. बालपणीची वाढ ही एक रेघ, आणि तिशीतली साखर हा एकच आकडा. या दोघांची गाठ गणितात घालायची कशी?

वाढीसाठी बहुस्तरीय मॉडेल वापरतात. सगळ्या मुलांची मिळून एक सरासरी रेघ असते आणि प्रत्येक मुलाची स्वतःची रेघ तिच्यापासून थोडी वर-खाली, थोडी जास्त किंवा कमी उभी. मूल एका अंगणवाडीत, अंगणवाडी एका तालुक्यात, असे स्तर त्यावर चढवता येतात. रेघ किती उभी आहे त्याला शाळेच्या गणितात चढ म्हणतात. मग सुचणारा सोपा मार्ग असा: प्रत्येक मुलाचा चढ काढा, वहीत लिहा आणि त्याच्यासमोर तिशीतली साखर मांडून दुसरी रेघ ओढा.

इथेच घात होतो.

अंगणवाडीतला काटा डोळ्यांसमोर आणा. जुलैचा पाऊस कोसळतोय, पोर रडतंय, सेविका त्याला रेनकोटसकट काट्यावर उभं करते. दुसरं मूल चवथीच्या नेवऱ्या खाऊन आलेलं, तिसरं आठवडाभराच्या तापातून नुकतंच उठलेलं. प्रत्येक ठिपक्यात खऱ्या वजनाबरोबर असा थोडा योगायोग मिसळलेला असतो. तोच योगायोग चढातही शिरतो. आता सगळ्यांत जास्त चढाची मुलं वेगळी काढली, तर त्यांत काही खरोखर वेगाने वाढणारी असतील आणि काही शेवटच्या दिवशी रेनकोट अंगात होता म्हणून तिथे पोचलेली. तिशीतल्या साखरेला त्या रेनकोटाचा पत्ता नसतो. त्यामुळे आलेखावरचा ठिपक्यांचा ढग आडवा ताणला जातो आणि त्यातून जाणारी रेघ चपटी होते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी हा परिणाम १९०४ मध्येच दाखवून दिला होता.

किती चपटी होते ते एका मानलेल्या उदाहरणावर पाहू. मुलामुलांच्या खऱ्या चढांतला फरक वर्षाला पाव किलोचा धरू, आणि एकेका वजनातला योगायोग अर्ध्या किलोचा. दोन्ही आकडे प्रमाण विचलनाचे, म्हणजे सरासरीपासून साधारण किती लांब पसरतात याचे. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वाढदिवसाला वजन घेतलं, तर काढलेल्या चढांच्या एकूण पसाऱ्यात (प्रमाण विचलनाच्या वर्गात) खरा भाग फक्त एक तृतीयांश निघतो. चढ वर्षाला एक किलोने जास्त असला की साखरेत खरा फरक ६ मिलिग्रॅमचा पडत असेल, तर आपल्याला २ दिसेल. मग दर सहा महिन्यांनी वजन घेऊया? दोन ते चार वर्षांत पाच ठिपके होतील, पण खरा भाग जेमतेम ३८ टक्क्यांवर जाईल. उलट ठिपके तीनच ठेवले आणि दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या वाढदिवसाला घेतले, तर तो थेट दोन तृतीयांश होतो! ठिपके किती यापेक्षा ते किती लांब पसरलेत याला एवढं वजन आहे. हे मी पहिल्यांदा कागदावर सोडवलं तेव्हा दोनदा तपासून पाहिलं होतं.

मधेच एक सांगतो. बाळ छान भरलं की दिष्ट पडेल म्हणून त्या महिन्यात त्याला काट्यावर न नेण्याची पद्धत आमच्याही घरात होती. दिष्टीने कुणाचं वजन घटत नाही. पण या भीतीपायी नेमके वरचे ठिपके कार्डावरून गायब होतात, आणि मागाहून कुठलंही मॉडेल ते पुरते भरून काढू शकत नाही.

बहुस्तरीय मॉडेल योगायोगावर एक सुंदर उपाय करतं. ज्या मुलाची माहिती तुटपुंजी, त्याची रेघ ते सरासरीकडे ओढून घेतं. सरासरी चढ सव्वादोन किलोचा धरला, तर वहिनींच्या नातीचा तीन ठिपक्यांतून दिसणारा वर्षाला तीन किलोचा चढ मॉडेलमध्ये अडीच होईल. जादा पाऊण किलोतला एक तृतीयांशच खरा मानायचा, हाच हिशेब. अमेरिकेतले पशुपैदास-शास्त्रज्ञ चार्ल्स हेंडरसन यांनी ही रीत दुभत्या जनावरांच्या पैदाशीसाठी, कुठल्या वळूच्या लेकी जास्त दूध देतील हे ठरवायला बसवली होती.

असे ओढलेले चढ साखरेसमोर मांडले, तर साध्या परिस्थितीत ६ चा आकडा परत ६ दिसू लागतो. एवढ्यावर समाधान मानणारे पुष्कळ आहेत. पण एकच ठिपका असलेलं मूल आणि दहा ठिपक्यांचं मूल दुसऱ्या पायरीवर, म्हणजे साखरेची रेघ ओढताना, सारख्याच खात्रीचं ठरतं. शिवाय जन्मवजन किंवा आईचं शिक्षण फक्त दुसऱ्या पायरीवर घातलं की आकडे पुन्हा सरकतात.

म्हणून साखर पहिल्यापासून त्याच मॉडेलमध्ये घ्यायची. 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधल्या 'एलएमई-फोर' या पॅकेजला, ज्याचा अंदाज बांधायचा त्या आकड्यांचा एकच स्तंभ चालतो. काही जण साखर वजनाच्याच स्तंभात खाली आणखी एक ओळ म्हणून घालतात आणि तिच्यावर खूण करतात. पण ते पॅकेज सगळ्या ओळींतला योगायोग एकाच मापाचा धरतं, म्हणजे किलो आणि मिलिग्रॅम एका तागडीत. 'एनएलएमई' या दुसऱ्या पॅकेजमध्ये ओळींना वेगवेगळं माप देता येतं, तरी साखर एकदाच मोजलेली असल्यामुळे त्या माणसाची नेहमीची साखर आणि त्या दिवसाचा योगायोग वेगळे काढता येत नाहीत. 'एमप्लस' किंवा 'लावान' या सॉफ्टवेअरमध्ये हे सरळ होतं. तिथे चढ अदृश्यच राहतो आणि साखरेचं समीकरण त्या अदृश्य चढावरच बसतं.

सगळं नीट जमलं तरी काळाचं शून्य, म्हणजे वय मोजायला सुरुवात कुठून केली, हे विचारायलाच हवं. शून्य दुसऱ्या वर्षावर असेल, तर आपण दोन वर्षांच्या असताना सारख्याच वजनाच्या मुलांची तुलना करतो, आणि त्यांतलं वेगाने वाढलेलं मूल सहाव्या वर्षी जड असतं. शून्य सहाव्या वर्षावर नेलं, तर सहाव्या वर्षी सारख्या असलेल्यांतलं वेगाने वाढलेलं मूल म्हणजे दुसऱ्या वर्षी हडकुळं असलेलं मूल. शून्यापाशी असलेल्या वजनाचा गुणांक, म्हणजे एका किलोमागे साखर किती बदलते तो आकडा, दोन्हीकडे तोच राहतो. तो १ असेल आणि चढाचा २, तर शून्य सहाव्या वर्षी नेल्यावर चढाचा गुणांक २ वजा ४ गुणिले १, म्हणजे उणे २ होतो. मुलं तीच, मॉडेल तेच, साखरही तीच. तरी एक मथळा म्हणेल वेगाने वाढणं घातक, दुसरा म्हणेल हितकारक.

संध्याकाळी वहिनींना फोन केला. म्हटलं, तीन ठिपक्यांवरून घाबरू नका आणि पोरीच्या ताटातलं काही कमी करू नका. यापुढे वजनासोबत उंचीही लिहून घ्या, आणि तिला काट्यावर उभी करताना रेनकोट तेवढा काढायला सांगा.