पाळीवरचा सुपरवायझर: कामगार की साहेब?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि रासायनिक कारखान्यांमध्ये एका आकड्याची चर्चा सुरू झाली: १८,०००. देखरेखीच्या कामावर असलेल्या माणसाचे वेतन महिन्याला याच्या वर गेले, की कायद्याच्या भाषेत तो 'कामगार' राहत नाही. आकडा नवा आहे, वाद जवळजवळ सत्तर वर्षांचा आहे. रिअ‍ॅक्टरच्या मजल्यावर पाळी सांभाळणारा हा माणूस नेमका कोणाचा, हे ठरवताना आपल्याकडे तो काय करतो यापेक्षा त्याला किती मिळते हेच आधी पाहिले गेले. या पदाच्या इतिहासात सगळ्यात महागात पडलेली गोष्ट माझ्या मते हीच.

हा इतिहास गिरण्यांमधल्या जॉबरपासून सांगायला सुरुवात करण्याची पद्धत आहे. माणसे आणायची, कामाला लावायची, नको तेव्हा काढायची हे सारे जॉबरच्या हातात असे, आणि १९३१ साली अहवाल देणाऱ्या शाही आयोगाने त्यावर कडक टीका केली होती. पण रासायनिक कारखान्याचा सुपरवायझर त्या घराण्यातला नाही. माणसे निवडण्याचा अधिकार त्याला क्वचितच मिळाला. तो आला रसायनशास्त्रातली बी.एस्सी. किंवा केमिकलचा डिप्लोमा घेऊन, नाहीतर ऑपरेटर म्हणून वर्षानुवर्षे व्हॉल्व्ह फिरवून वर चढत. ठाणे-बेलापूर पट्टा, तारापूर, रोहा, महाड, लोटे इथे कारखाने उभे राहत गेले तशी त्याची संख्या वाढली. १९७२ साली अमलात आलेल्या पेटंट कायद्याने औषधांच्या बाबतीत फक्त प्रक्रियेला पेटंट ठेवले. तेच औषध वेगळ्या मार्गाने बनवायला मोकळीक मिळाली आणि बॅच प्लांटची चलती झाली. एका रिअ‍ॅक्टरमध्ये आज एक माल, पुढच्या महिन्यात दुसरा.

सुपरवायझरचे खरे काम दिसते ते बॅच प्लांटमध्येच. बॅच शीटवर लिहिलेले असते: तापमान ४० ते ४५ अंशांत ठेवून दुसरे रसायन चार तासांत हळूहळू आत सोडत जा. रात्री दोन वाजता ब्राइनचा, म्हणजे रिअ‍ॅक्टर थंड ठेवणाऱ्या खाऱ्या पाण्याचा, पंप बंद पडतो. सोडणे थांबवायचे हे कोणालाही कळते. पण आतापर्यंत सोडलेल्यातले किती वापरले गेले आणि किती तसेच आत साचले आहे, ढवळणारा स्टिरर चालू ठेवायचा का, पंप सुरू झाल्यावर लगेच पुन्हा सोडायला घ्यायचे की तास-दीड तास नुसते पाहत बसायचे, याचे उत्तर शीटवर नसते. थांबले तर बॅच लांबते, पुढचे, माल गाळणारे सेंट्रिफ्यूज रिकामे राहते आणि सकाळच्या मीटिंगमध्ये बोलणी खावी लागतात. घाई केली तर साचलेला माल एकदम पेट घेतल्यासारखा तापतो. तेव्हा रिअ‍ॅक्टरभोवतीच्या जॅकेटमधले पाणी पुरे पडत नाही. हा निर्णय घेणारा माणूस मजल्यावर एकच असतो.

आता कायद्याकडे. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या मूळ व्याख्येत अंगमेहनतीचे आणि कारकुनी काम एवढेच होते. १९५६च्या दुरुस्तीने त्यात तांत्रिक आणि देखरेखीचे काम घातले. देखरेख करणाराही कामगार असू शकतो, हे पहिल्यांदा मान्य झाले. त्याच दमात दोन अपवाद आले. देखरेखीच्या पदावर असून महिना ५०० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारा बाहेर, आणि ज्याचे काम मुख्यतः व्यवस्थापकीय स्वरूपाचे आहे तोही बाहेर. दुसऱ्या अपवादाला काही तर्क आहे. पहिला म्हणजे निव्वळ आकडा. ऑपरेटर कितीही कमवो, तो कामगारच राहतो. त्याच्या शेजारी उभा असलेला सुपरवायझर एका पगारवाढीत रेषेपलीकडे जातो, काम मात्र कालचेच करतो.

ही मर्यादा २१ ऑगस्ट १९८४ पासून १,६०० रुपये झाली आणि पुढे सव्वीस वर्षे तिथेच राहिली. २०१० साली ती १०,००० झाली तोवर रासायनिक पट्ट्यातला जवळपास प्रत्येक सुपरवायझर तिच्या बाहेर जाऊन जमाना झाला होता. नोकरी गेली तर कामगार न्यायालयाचे दार बंद. पगारवाढीचा करार युनियनचा, त्यात याचे नाव नाही. शिवाय १९४८च्या कारखाना अधिनियमातले ६४वे कलम होतेच. देखरेखीची आणि व्यवस्थापनाची पदे कोणती, हे राज्य सरकारने नियमांनी ठरवायचे आणि त्या पदांवरच्या माणसांना कामाच्या तासांच्या तरतुदी लावायच्या नाहीत, अशी त्यात सोय होती. पुढच्या पाळीचा रिलीव्हर आला नाही तर ऑपरेटर डबल करतो आणि दुप्पट दराने ओव्हरटाइम घेतो. सुपरवायझरही तेवढाच वेळ थांबतो, त्याला 'कॉम्प ऑफ', म्हणजे बदली सुट्टी, मिळाली तर मिळाली.

वाद न्यायालयात गेले तेव्हा हुद्द्याच्या नावावर जाऊ नका, मुख्य काम कोणते ते पाहा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट सांगितले. भूमिका योग्यच होती. पण मुख्य काम शोधण्यासाठी जे प्रश्न विचारले जातात ते पाहण्यासारखे आहेत. तो रजा मंजूर करू शकतो का? शिस्तभंगाची कारवाई सुरू करू शकतो का? कोणाला नेमू किंवा काढू शकतो का? हे सगळे माणसांवरच्या अधिकाराचे प्रश्न झाले. चालू रिअ‍ॅक्शन थांबवण्याचा, तयार होत असलेला माल सोडून देण्याचा, उत्पादन बुडाले तरी प्लांट बंद करण्याचा अधिकार त्याला आहे का, हा प्रश्न या यादीत सहसा नसतो. रासायनिक कारखान्यात ज्या एका अधिकारावर बाकीच्यांचे जीव अवलंबून असतात, त्याची दखल ना व्याख्येने घेतली ना बहुतेक नेमणूकपत्रांनी.

व्यवस्थापनाची बाजूही खोटी नाही. संप झाला म्हणून रासायनिक प्लांट दिवा मालवल्यासारखा बंद करता येत नाही. टाक्या थंड ठेवाव्या लागतात, अर्धवट बॅच सुरक्षित अवस्थेला न्यावी लागते, बाहेर पडणारा वायू धुणारा स्क्रबर चालू ठेवावा लागतो. अशा वेळी आत राहणारे कोणीतरी हवे आणि ते युनियनच्या बाहेर हवे, हा युक्तिवाद मी स्वतः संपाच्या काळात आत राहिलेल्यांकडून ऐकला आहे आणि तो मला पटतो. अडचण पुढची आहे. बाहेर काढलेल्या माणसाला त्या बदल्यात अधिकार द्यायला हवा होता. त्याला 'ऑफिसर' आणि 'एक्झिक्युटिव्ह' ही नावे मिळाली.

याच काळात भोपाळ घडले. १,६०० रुपयांची मर्यादा लागू होऊन जेमतेम सव्वातीन महिने झाले होते. खर्चकपातीत युनियन कार्बाइडच्या तिथल्या कारखान्यात, ज्यातून विषारी वायू सुटला त्या युनिटच्या पाळीतले ऑपरेटर बारावरून सहावर आले होते आणि रात्रीच्या पाळीतले मेंटेनन्स सुपरवायझरचे पद रद्द झाले होते. २ डिसेंबर १९८४च्या रात्री पाइप पाण्याने धुतले जात होते. असे धुताना टाकीकडे जाणारी लाइन ब्लाइंड टाकून, म्हणजे फ्लँजमध्ये पत्र्याची चकती घालून, बंद करायची असते. ते पाहण्याची जबाबदारी मेंटेनन्सच्या देखरेखीत येत होती. ती माणसेच पाळीवर नव्हती आणि ब्लाइंड टाकला गेला नाही. पाणी टाकीत कसे शिरले यावर आजही दोन मते आहेत. कंपनीने घातपाताचा दावा केला, कामगारांनी तो फेटाळला. पद रद्द झाले होते, यावर मात्र वाद नाही.

त्या रात्रीच्या नोंदींमधला एक तपशील प्रत्येक सुपरवायझरने पाठ करावा असा आहे. साडेदहाच्या सुमारास ६१० क्रमांकाच्या टाकीचा दाब २ पीएसआय होता. पावणेअकराला पाळी बदलली. अकराला नव्या पाळीच्या ऑपरेटरला १० पीएसआय दिसला. टाकीचा दाब २ ते २५ यांच्या मध्ये असणे नेहमीचे होते, म्हणून १० मध्ये वावगे काही वाटले नाही. आकडा मर्यादेत होता, पण अर्ध्या तासात पाचपट झाला होता. ते फक्त दोन्ही पाळ्यांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहणाऱ्यालाच कळले असते. पाळी देताना 'सगळं नॉर्मल' एवढे बोलून चालत नाही, कुठून कुठे गेले ते सांगावे लागते. हे पहिल्या महिन्यात मला एका जुन्या शिफ्ट इन्चार्जने लॉगबुकची मागची तीन पाने रोज वाचायला लावून शिकवले होते.

भोपाळनंतर कायदा जागा झाला. १९८७च्या दुरुस्तीने कारखाना अधिनियमात धोकादायक प्रक्रियांसाठी वेगळे प्रकरण आले. त्यातल्या ४१सी कलमानुसार घातक पदार्थांच्या हाताळणीवर देखरेख करायला पात्रता, अनुभव आणि क्षमता असलेली माणसे नेमणे बंधनकारक झाले, आणि हे मोडल्यास सात वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद झाली. देखरेख ही सुरक्षेची गोष्ट आहे, हे कायद्याने पहिल्यांदा इतक्या ठळकपणे म्हटले. दुसऱ्या कायद्यातली वेतनाची रेषा तशीच राहिली.

भोपाळच्या खटल्यात १९९६ साली आरोप सौम्य झाले आणि ७ जून २०१० रोजी निकाल लागला. दोषींमध्ये कंपनीच्या भारतीय शाखेच्या अध्यक्षांपासून प्रॉडक्शन असिस्टंटपर्यंत सगळ्या पायऱ्यांवरचे लोक होते. शिक्षा सगळ्यांना सारखीच, दोन वर्षे. शिक्षा अपुरी होती, असे बहुतेकांना वाटले आणि मलाही वाटते. पण पाळीवर काम केलेल्यांच्या लक्षात राहिली ती ही समानता. रात्रपाळीचे पद ठेवायचे की काढायचे हे ठरवणारा आणि त्या रात्री प्लांटमध्ये हजर असणारा, दोघांना एकाच मापाने मोजले गेले.

१९९१ नंतर कंट्रोल रूममध्ये डीसीएसचे, म्हणजे संगणकावरून प्लांट चालवणाऱ्या यंत्रणेचे, पडदे आले आणि मजल्यावर कंत्राटी माणसे आली. पहिल्या बदलावर खूप लिहिले जाते. दुसरा जास्त गुंतागुंतीचा आहे. कंत्राटी कामगारावर मूळ मालक थेट देखरेख आणि नियंत्रण करतो असे दिसले, तर ते कंत्राट नावापुरतेच आहे असा निष्कर्ष निघण्याचा धोका असतो. म्हणून कागदावर देखरेख ठेकेदाराच्या सुपरवायझरची असते. प्रत्यक्षात पिंप कुठले उघडायचे, मास्क कुठला घालायचा, कधी थांबायचे हे कंपनीचा सुपरवायझर सांगतो, कारण आत काय आहे ते त्यालाच माहीत असते. ४१सी सांगत होते, जाणकार म्हणून देखरेख कर. कंत्राटाची कलमे सांगतात, तुझी देखरेख दिसू देऊ नकोस.

मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये डोंबिवलीत झालेले स्फोट आणि ७ मे २०२०च्या पहाटे विशाखापट्टणमला झालेली स्टायरिनची गळती यांची कारणे वेगवेगळी आहेत. विशाखापट्टणमला टाकीच्या वरच्या थरांचे तापमान मोजण्याची सोयच नव्हती, त्यामुळे पाळीवर कितीही जागरूक माणूस असता तरी त्याला खालचाच आकडा दिसला असता.

नव्या संहितेतल्या १८,०००चा हिशेबही सरळ नाही. वेतनाच्या नव्या व्याख्येत घरभाड्यासारखे भत्ते वगळले जातात, पण वगळलेली रक्कम एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली तर वरचा भाग पुन्हा वेतनात धरला जातो. एकाच प्लांटवर, एकाच पाळीत, एकच काम करणारे दोन सुपरवायझर पगाराच्या चिठ्ठीतल्या विभागणीमुळे रेषेच्या दोन बाजूंना पडू शकतात. रात्री टाकीत उतरण्याच्या परमिटवर सही दोघांचीही चालते.