थाट वाजतो, राग वाजत नाही

'पाच मिनिटांत भूप शिका' छापाचे व्हिडिओ मोबाइलवर रोज येऊन पडतात. मास्तर कॅमेऱ्यात बघून सांगतात, काळ्या पट्ट्यांवर बोटं फिरवा, झाला भूप राग. त्यावर पेटी किंवा कीबोर्ड शिकलेली मंडळी मग भजनात, गणपतीत, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात भेटतात आणि 'यमन स्केल', 'भैरवी स्केल' असं बोलत राहतात. स्केल म्हणजे राग नव्हे, थाट म्हणजेही राग नव्हे. हा घोळ तोंडी निस्तरून कंटाळा आला, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

आपलं आपण शिकलेल्याला थाट चांगलाच येतो, त्यामुळे तो भाग भराभर. सप्तकात सूर १२. सा आणि प अचल. रे, ग, ध, नि उतरून कोमल होतात, म चढून तीव्र होतो. त्यातून सात सूर क्रमाने लावले की थाट. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी राग १० थाटांत बसवले: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. गिटारवाले ज्याला स्केल म्हणतात त्याच जातीची ही वस्तू. थाटाला सातही सूर लागतात, रागाला पाचही पुरतात. थाटाला नुसता आरोह (चढ), रागाला आरोह-अवरोह (चढ-उतार) दोन्ही. थाट कोणी गात नाही, राग गातात. परीक्षेच्या वहीत हे फरक दोन रकाने पाडून लिहितात. पाठ करायला सोपे आणि हात पेटीवर असताना काही कामाचे नाहीत.

आता त्या काळ्या पट्ट्या. सा काळी तीनवर (दोन काळ्यांच्या जोडीपासून मोजत तिसरी) धरा आणि फक्त काळ्या वाजवा: सा रे ग प ध, भूपाचे सूर आले. पट्ट्या त्याच ठेवून सा काळी चारवर न्या: सा रे म प कोमल नि, म्हणजे मेघाचे सूर. काळी पाच सा केलीत तर मालकंसाचे, काळी एक केलीत तर दुर्गाचे, काळी दोन केलीत तर धानीचे. पट्ट्या पाचच, संच पाच वेगळे. तेव्हा सा कुठे ते न सांगता 'काळ्या पट्ट्या म्हणजे भूप' म्हणणाऱ्या मास्तरांना आधी सा विचारा. पण तानपुरा लावून हा खेळ एकदा केला की कुणालाही कळतो. लोक अडतात ते याच्या पुढे.

सा तोच, सूर तेच, एकही पट्टी इकडची तिकडे नाही, आणि तरी राग दोन. भूप आणि देशकार. दोन्हींत सा रे ग प ध, सगळे शुद्ध, म आणि नि वर्ज्य. आरोह-अवरोह नुसता चढून-उतरून वाजवलात तर कुठला वाजला हे खुद्द वाजवणाऱ्यालाही सांगता येणार नाही. इथे स्केलवाल्याची गाडी थांबते, कारण त्याच्या हिशोबात सूर संपले की माहिती संपली.

भूपाचा वादी, म्हणजे मुख्य सूर, ग; संवादी, म्हणजे त्याच्या खालोखालचा, ध. चाल सप्तकाच्या खालच्या अंगाची. पेटीवर हे वाजवा (मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातला): सा, मंद्र ध, सा, रे ग. प ग. ध प ग, रे ग, रे सा. कुठूनही निघा, वस्तीला ग-वर या. ध वाटेत लागतो, तिथे मुक्काम नाही. आता देशकार (सां म्हणजे वरचा सा): ध, ध प. ग प ध, प. सां ध, ध प, ग प ध प, ग, रे सा. इथे वादी ध, संवादी ग, आणि सगळी उलाढाल वरच्या अंगाला. आरोहात रे जवळजवळ लागतच नाही, उतरताना जाता जाता शिवतो. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा. देशकाराचा धैवत (ध) भूपापेक्षा किंचित चढा लावावा असं जाणकार मानतात. पेटीवर ते जमायचं नाही, म्हणून ते सध्या बाजूला ठेवा. जे जमतं ते करून बघा: पहिल्या सुरावटीत प्रत्येक वेळी ग-वर चांगल्या दोन-तीन मात्रा थांबा, दुसरीत ध-वर. मग मुद्दाम उलट करा. भूपाच्या सुरावटीत ध-वर रेंगाळा, ध-वरूनच उठा, रे गाळा. भूप हातातून निसटताना स्वतःच्या कानाने ऐकू येईल.

आणखी एक पुरावा भातखंड्यांच्याच वर्गवारीत आहे. भूप त्यांनी कल्याण थाटात टाकला, देशकार बिलावलमध्ये. कल्याण आणि बिलावल यांच्यात फरक फक्त मध्यमाचा (म), आणि या दोन रागांत मध्यमच नाही! नुसते सूर मोजून थाट ठरला असता तर दोन्ही एकाच कप्प्यात गेले असते. कप्पा ठरला तो चालीवरून: भूप कल्याणच्या वळणाने चालतो, देशकार बिलावलच्या. म्हणजे ज्यांच्या नावाने लोक थाट घोकतात त्यांनीसुद्धा आधी रागाची चाल पाहिली, मग थाट दिला.

अशा जोड्या अजून आहेत. मारवा, पूरिया आणि सोहनी तिघांचे सूर एकच: कोमल रे, तीव्र म, बाकी शुद्ध, प वर्ज्य. मारवा कोमल रे आणि ध यांच्यावर उभा, पूरिया ग आणि नि यांच्यावर आणि मंद्राकडे झुकलेला, सोहनी सगळी तार, म्हणजे वरच्या, सप्तकाच्या अंगाने. मेघ आणि मधमाद सारंग हीही तशीच जोडी.

यमनचं थोडं वेगळं आहे, पण चूक तीच. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातला एक पोरगा, घरात खाली टॉवेलचे माग आणि वरच्या खोलीत त्याचा कीबोर्ड. म्हणाला, "काका, सगळे सूर बरोबर लावलेत, तरी यमनसारखं वाटंना." वाजवून दाखवलं: सा रे ग तीव्र म प ध नि सां, आणि तसंच खाली. सूर खरंच बरोबर होते. म्हटलं, "हा कल्याण थाट झाला बे, यमन अजून सुरू व्हायचाय." मग त्याला सा-वरून चढायला बंदी घातली. मंद्र नि, रे, ग, आणि ग-वर थांबायचं. पुन्हा मंद्र नि रे ग, रे, सा. वर जाताना ग, तीव्र म, ध, नि, प टाळून. खाली मागांचा खडखडाट, तानपुरा धड ऐकूही येत नव्हता, तरी तिसऱ्या-चौथ्या फेरीला त्याचं त्यालाच ओळखू आलं. "हां, हाच की!"

शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ सगळ्यांच्या घरी असतं. उखळात कुटलं तर तेल सुटून आपली चटणी होते, मिक्सरला फिरवलं तर तांबडं कूट. सुरांचंही तसंच, तेवढं म्हणून पुढे जातो.

आता रियाजाचं. आरोह-अवरोह दुगुण, चौगुण, जोरात वाजवत बसायचं बंद करा. त्याने बोटं पळायला लागतात, हे मान्य, पण पळतात ती थाटावर. वेग दाखवायचा सोस गड्ड्याच्या जत्रेत स्टेजवर एक वेळ खपतो, घरी रियाजाला नको. त्याऐवजी एका रागाच्या चार-पाच छोट्या सुरावटी घ्या आणि प्रत्येक आधी गा, मग वाजवा. आवाज भसाडा असला तरी गा. जे गळ्याला सुचत नाही ते बोटांना सुचलं तर ती बोटांची सवय असते, आणि सवय नेहमी जवळच्या पट्टीकडे ओढते.

तानपुऱ्याचं ॲप सगळेच लावतात, आणि बहुतेक सगळे ते कायम पंचमावर (प) ठेवतात. मालकंसात पंचम वर्ज्य, आणि हे पंचम घुमवत मालकंस घोटतात! तिथे पहिली तार मध्यमाची हवी. मारवा-पूरियाला नि लावतात. ॲपमध्ये ही सोय असते, फक्त कोणी ती उघडून बघत नाही.

पेटीची एक अडचणही ओळखून असा. भूपात सां वरून ध, प वरून ग असं मिंडेने घसरत यायचं असतं, आणि पेटीला मींड नाही. याच तक्रारीवर १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली होती, ती तीसेक वर्षं टिकली. बंदी मला पटत नाही, तक्रार पटते. म्हणून पेटी शिकणाऱ्याने पेटीवादकच ऐकत बसू नये. गायक ऐकावेत, बासरी ऐकावी. भूपासाठी किशोरी आमोणकर, मारव्यासाठी अमीर खाँ. एकाच कलाकाराचा एकच राग, दुसरं काही नाही, महिनाभर. हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात मैफल असली तर तिकिटाचे पैसे व्हिडिओच्या कोर्सपेक्षा तिथे घालवा. आणि 'अमुक रागावरची सिनेमाची २५ गाणी' असल्या याद्या फाडून टाका. सिनेमाची चाल अंतऱ्यात रागाबाहेर कधी गेली हे ज्याला कळतं त्याला यादी लागत नाही, आणि ज्याला कळत नाही तो तेच राग म्हणून पाठ करतो.

मग थाट शिकायचाच नाही का, असं कोणीतरी विचारतंच. शिकायचा की. नवा राग हाती घेताना कुठले सूर कोमल, कुठला तीव्र हे थाटाच्या नावावरून निम्मं कळतं, आणि भजनात बुवांनी अचानक पट्टी बदलली तर बोटं तयार लागतात. दहाही थाट पांढरी एक, काळी एक, काळी दोन अशा निदान तीन पट्ट्यांतून हळू लयीत वाजवता यायला हवेत, आणि तेही हाताने. कीबोर्डवर ट्रान्स्पोजचं बटण असेल तर त्यावर चिकटपट्टी लावा.