घरगुती तापन बॉयलर व अभिसरण पंप : बिघाड आणि निदान

पाणी तापवून ते नळांच्या बंद फेऱ्यातून खोल्याखोल्यांतील रेडिएटरमध्ये खेळवणे आणि त्या उबेवर घर राखणे, याला मध्यवर्ती तापन म्हणतात. ब्रिटनमधील बहुसंख्य घरांत ही यंत्रणा नैसर्गिक वायूवर चालते. प्रस्तुत नोंद तिच्यापुरती आहे. ‘बॉयलर’ म्हटले की मराठी वाचकाला साखर कारखान्यातली वाफ आठवते. या बॉयलरमध्ये मात्र पाणी उकळत नाही. उकळू लागले तर तोच बिघाड. रेडिएटरकडे ते साधारणपणे ६० ते ७५ अंश सेल्सिअसला निघते व काहीसे निवून परत येते. कामाने हा बंबाचा भाऊबंद म्हणता येईल, पण बंबातले पाणी अंघोळीला संपते आणि येथे तेच पाणी वर्षानुवर्षे फिरते. या यंत्रणेची बहुतेक दुखणी ज्योतीत नसून या पाण्यात असतात.

पूर्वी गरम पाणी हलके होऊन आपोआप वर चढे व गार पाणी खाली येई. त्यासाठी नळ जाड लागत. १९२० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील डॉर्टमुंडच्या विल्हेल्म ओप्लेंडर यांनी नळातच बसवायचे अभिसरणवर्धक यंत्र तयार केले. आजचे घरगुती पंप ‘ओल्या रोटर’चे असतात. मोटरचा फिरता भाग फेऱ्यातल्या पाण्यातच बुडालेला असतो आणि तेच पाणी त्याच्या बेअरिंगला वंगण पुरवते. म्हणून पंपाचा दांडा आडवाच हवा. उभा बसवल्यास वरच्या टोकाला हवा अडकते आणि बेअरिंग कोरडे पडते.

घर गार पडल्यावर आधी वीज, वेळयंत्र व थर्मोस्टॅट पाहावेत. हास्यास्पद वाटले तरी अनेक तक्रारी येथेच मिटतात. मग दाबमापक. बंद फेऱ्यात पाणी गार असताना १ ते १.५ बार दाब अपेक्षित असतो. तो फार उतरला की बॉयलर पेटण्यास नकार देतो. भरणनळीची झडप उघडून दाब वाढवता येतो, पण दर पंधरवड्याला तसे करावे लागत असेल तर पाणी कुठेतरी जात आहे. गळती सापडत नसेल तर प्रसरणपात्रावर संशय घ्यावा. या पात्रात रबरी पडद्याच्या एका बाजूला हवा व दुसऱ्या बाजूला पाणी असते. हवा निघून गेली की तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा उरत नाही, दाब ३ बारवर जातो, सुरक्षा झडप उघडते आणि पाणी भिंतीबाहेरच्या नळीतून वाहून जाते. निवल्यावर काटा पुन्हा खाली. घरमालक पुन्हा पाणी भरतो, आणि खरे नुकसान यानेच होते. फेऱ्यातले जुने पाणी दिसते काळे, पण त्यातला ऑक्सिजन संपलेला असल्याने ते पोलादाला फारसे छळत नाही. प्रत्येक नव्या भरणीबरोबर ताजा ऑक्सिजन येतो, रेडिएटर आतून गंजतात आणि मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचा, काळा गाळ साचतो.

हा गाळ हाताला कळतो. रेडिएटर वर गार व खाली गरम असेल तर आत वायू साचला आहे; यंत्रणा बंद करून चावीने तो सोडावा. हा वायू नेहमी हवाच असतो असे नाही, गंजण्यातून हायड्रोजनही तयार होतो, तेव्हा जवळ ज्योत नको. उलट रेडिएटर खाली मध्यभागी गार राहिला तर गाळ बसला आहे.

अभिसरणाची परीक्षाही हातानेच होते. बॉयलरमधून निघणारा नळ झपाट्याने चटका देणारा, परतीचा थंडगार, आणि बॉयलर थोडे पेटून लगेच विझतो, अशी लक्षणे दिसली तर पाणी फिरत नाही. पंपावर पेचकसाचे टोक टेकवून मूठ कानाला लावली की आतले ऐकू येते. घुमतो पण फिरत नाही असा पंप बहुधा उन्हाळाभर पडून राहिल्याने गाळात जखडलेला असतो. जुन्या धाटणीच्या पंपाला पुढे मधोमध मोठा स्क्रू असतो. वीज तोडून, खाली फडके धरून तो काढावा व दांड्याचे टोक पेचकसाने हलके फिरवावे. एकदा हाताने फिरवल्यावर चालतो, पण पुढच्या वेळी पुन्हा अडतो, असे झाले तर कपॅसिटर गेलेला असण्याची शक्यता मोठी. पंपाला दोष देण्यापूर्वी बंद पडलेली झडप वा रेडिएटरच्या थर्मोस्टॅटिक झडपेतली चिकटलेली पिनही तपासावी. गाळ तसाच ठेवून बदललेला नवा पंपही त्याच वाटेने जातो.

थंडीतला एक बिघाड वेगळा आहे. एप्रिल २००५ पासून इंग्लंड व वेल्समध्ये नवे बॉयलर सर्वसाधारणपणे संघनक प्रकारचेच लागतात. ते धुरातील वाफेचे पाणी करून तिचीही उष्णता वसूल करतात. हे आम्लधर्मी पाणी नेणारी प्लॅस्टिकची नळी भिंतीबाहेर बारीक व उघडी असेल तर गोठते; डिसेंबर २०१० च्या कडाक्यात असंख्य बॉयलर यामुळेच बंद पडले. बॉयलरमधून गुडगुड आवाज येतो. नळीवर कोमट पाणी ओतावे, उकळते नको.

वायूचे काम मात्र नोंदणीकृत तंत्रज्ञाचेच. २००९ पासून ही नोंदणी ‘गॅस सेफ रजिस्टर’कडे आहे. घरमालकाने बॉयलरचे मोहोरबंद आवरण उघडू नये, कारण अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो.

बॉयलरबाहेरील पंप बदलणे त्या मानाने सोपे. ब्रिटनमधील घरगुती पंपाची दोन तोंडांतील लांबी बहुधा १३० मिलिमीटर असते, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचाही बसतो. दोन्ही बाजूंच्या झडपा बंद केल्या की सगळी यंत्रणा रिकामी करावी लागत नाही. मात्र दहा-पंधरा वर्षे कोणी हात न लावलेल्या या झडपा नेमक्या त्याच दिवशी हलत नाहीत, आणि बादल्या काढाव्या लागतात.