ॲरिझोना: एका चुनखडीच्या थराचा माग

अमेरिकेच्या नैऋत्येचं ॲरिझोना हे राज्य आकाराने महाराष्ट्रापेक्षा किंचित लहान, सुमारे २ लाख ९५ हजार चौरस किलोमीटरचं. तिथे जाणारे बहुतेक जण ग्रँड कॅन्यनसाठी एक दुपार राखतात, सेडोनाचे लाल डोंगर बघतात आणि फिनिक्सहून परतीचं विमान पकडतात. बेत वाईट नाही, पण माझ्या मते या राज्याचं खरं वैभव या ठिकाणांना जोडणाऱ्या रस्त्यांवर आहे. खडकांच्या एकाच चळतीतून ते सतत वरखाली करत जातात. त्या चळतीतला एक थर जरी ओळखीचा झाला, तरी शेकडो किलोमीटरच्या प्रवासात आपण काळाच्या कुठल्या टप्प्यावर आहोत, हे गाडीच्या खिडकीतून कळायला लागतं.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला थर नवे नाहीत. माळशेज घाटात किंवा राजगडावरून समोर बघितलं की काळ्या कातळाचे कडे आणि मधले गवताळ उतार एकावर एक रचलेले दिसतात. मात्र आपले हे सगळे थर लाव्हाचे आहेत, आणि सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, भूशास्त्राच्या हिशेबाने फार थोड्या अवधीत साचलेले आहेत. ॲरिझोनात चुनखडीचा थर म्हणजे कधीकाळचा समुद्र, वालुकाश्माचा थर म्हणजे वाळवंट आणि लाल पंकाश्म, म्हणजे चिखलाचा झालेला दगड, ही नद्यांची गाळाची मैदानं. शिवाय हवा इतकी कोरडी, की माती आणि झाडी यांनी हे काही झाकून टाकलेलं नाही.

ओळख करून घ्यायला मी निवडेन तो कैबाब चुनखडीचा थर. रंग फिकट, पिवळसर पांढरा. वय सुमारे २७ कोटी वर्षं. हा उथळ, उबदार समुद्राचा तळ होता. जवळून बघितलं तर दगडात शिंपल्यांसारखे जीव, समुद्रकमळांच्या देठांच्या चकत्या आणि स्पंजांचे अवशेष सापडतात.

उत्तरेला, लीज फेरीजवळ हा थर कोलोरॅडो नदीच्या पाण्यालगत आहे. तिथून थोडं खाली नवाहो पूल लागतो. १९२९ सालचा जुना पूल आता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे आणि गाड्यांसाठी शेजारी नवा बांधलाय. जुन्या पुलावरून खाली बघितलं तर नदी जवळजवळ १४० मीटर खोल गेलेली असते आणि आपला थर वर काठावर पोहोचलेला असतो. नदी उतरते आहे आणि पृथ्वीच्या कवचाला आलेल्या फुगवट्यामुळे थर चढतो आहे. पुलाच्या लोखंडी कमानीवर पुष्कळदा कॅलिफोर्निया कॉन्डर बसलेले दिसतात. पंखांचा पसारा जवळपास तीन मीटर, आणि पंखावर क्रमांकाची पट्टी. १९८२ मध्ये जगात हे पक्षी अवघे २२ उरले होते. बंदिवासात वाढवलेली पिल्लं १९९६ पासून इथल्या व्हर्मिलियन कड्यांवरून सोडली जाऊ लागली. मेलेल्या जनावरांत राहिलेल्या शिशाच्या गोळ्यांचे कण पोटात जाणं हा आजही त्यांना सगळ्यात मोठा धोका आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने आपल्या गिधाडांची काय अवस्था केली, ते आठवतं आणि जीव कळवळतो.

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर पायाखाली असते ती हीच कैबाब चुनखडी, पण समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटर उंचीवर. दरी ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल. आज दिसते ती दरी नदीने मुख्यतः गेल्या ५०-६० लाख वर्षांत कोरली, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. खोली नदीची, पण रुंदी पावसाच्या ओढ्यांची, भेगांमध्ये गोठणाऱ्या पाण्याची आणि दरडींची. इथल्या पठाराचा उतार दक्षिणेकडे आहे. त्यामुळे उत्तरेला पडलेलं पाणी दरीत उतरतं आणि तो काठ पोखरत मागे नेतं, तर दक्षिण काठावरचं पाणी दरीकडे पाठ करून वाहून जातं. म्हणूनच नदी दरीच्या मधोमध नसून दक्षिण काठाच्या बरीच जवळ आहे. दोन काठांवरच्या वस्त्यांमधलं सरळ अंतर जेमतेम १६ किलोमीटर, पण गाडीने जायचं तर वळसा ३४० किलोमीटरहून मोठा.

कैबाबच्या खाली कोकोनिनो वालुकाश्माचा फिकट, ताशीव कडा आहे. त्यातल्या तिरप्या रेघा म्हणजे वाऱ्याने लोटलेल्या वाळूच्या टेकड्यांचे उतार. त्यांवर चार पायांच्या प्राण्यांची पावलं उमटलेली आहेत. डायनोसॉर यायला तेव्हा अजून काही कोटी वर्षं होती. आणखी खाली रेडवॉल चुनखडीची प्रचंड लाल भिंत दिसते. ती मुळात करडी आहे. वरच्या थरांतला लोहाचा गंज पावसाच्या पाण्याबरोबर ओघळून तिच्यावर बसलाय. नुकतीच दरड कोसळली असेल तिथे आतला खरा रंग उघडा पडलेला दिसतो.

अगदी तळाशी काळपट, पिळवटलेले खडक आहेत, सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचे. कित्येक ठिकाणी त्यांच्यावर थेट टेपीट्स वालुकाश्म टेकलेला आहे, सुमारे ५१ कोटी वर्षांपूर्वीचा. मधल्या जवळपास १२० कोटी वर्षांचा दगडच नाही! त्या काळात जे साचलं ते झिजून वाहून गेलं. सांधा इतका नेटका, की एक तळहात दोन्ही खडकांवर एकाच वेळी टेकवता येतो. संपूर्ण ॲरिझोनात मला सगळ्यात विलक्षण वाटते ती ही रेघ.

एवढा काळ मनात मावत नाही. त्यासाठी दक्षिण काठावर ‘ट्रेल ऑफ टाइम’ नावाची पायवाट आखली आहे. तिच्यावर एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं, आणि त्या त्या वयाचे दगडाचे नमुने वाटेवर मांडलेले आहेत, हात लावून बघायला. या मापाने माणूस नावाच्या जातीचा सगळा इतिहास एका फुटात संपतो, दख्खनचा लाव्हा ६६ व्या मीटरला येतो, कैबाब २७० व्या. टेपीट्सपासून तळाच्या खडकांपर्यंत पोहोचायला पुढे जवळपास १.२ किलोमीटर चालावं लागतं.

तळाच्या खडकांना विष्णू शिस्ट म्हणतात (शिस्ट म्हणजे उष्णतेने आणि दाबाने पालटलेला पापुद्र्यांचा खडक), त्यांच्याच सोबतच्या दोघांना ब्रह्मा आणि राम. क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात दरीतल्या सुळक्यांना पौर्वात्य देवतांची नावं दिली आणि ती खडकांकडे आली. त्यांतल्या शिव टेम्पल नावाच्या सपाट माथ्याच्या डोंगरावर १९३७ साली न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाची मोहीम चढली होती. चहूबाजूंनी तुटलेल्या त्या माथ्यावर वेगळ्याच जातीचे प्राणी सापडतील अशी आशा होती. सापडले ते आसपासच्या रानात असतात तसेच उंदीर-खारींसारखे जीव. उंदरांना तो कडा अडवत नव्हता.

दरीपासून फ्लॅगस्टाफ गावाला येऊन पूर्वेकडे वळलं की जुन्या रूट ६६ चे तुकडे आणि आजचा आंतरराज्य महामार्ग जवळजवळ साथीने धावतात. सपाट माळ, क्षितिजापर्यंत काही नाही. तिथेच १.२ किलोमीटर रुंद आणि सुमारे १७० मीटर खोल खड्डा आहे, मीटिऑर क्रेटर. सुमारे ५० हजार वर्षांपूर्वी ५० मीटरच्या आसपासचा लोखंडी अशनी इथे आदळला. काठावर कैबाब पुन्हा भेटते, पण उलटी. एरवी तिच्या वर असणारा मोएनकोपी नावाचा लाल थर इथे तिच्या खाली आणि खालचा कोकोनिनो सगळ्यात वर. आघाताने जमीन उसळली आणि तव्यावरची भाकरी उलटावी तसे थर काठाबाहेर उलटून पडले. ज्वालामुखीच्या किंवा वाफेच्या स्फोटाने हे असं होत नाही.

तरीही हे मान्य व्हायला वेळ लागला. डॅनियल बॅरिंजर या खाण अभियंत्याने १९०३ पासून पंचवीसहून अधिक वर्षं इथे पुरलेल्या लोखंडाचा शोध घेतला. त्याचा तर्क बरोबर होता, लोखंड मात्र सापडलं नाही, कारण अशनीचा बहुतेक भाग आघातातच वितळून आणि वाफ होऊन विखुरला होता. १९६० मध्ये युजीन शूमेकर आणि सहकाऱ्यांना इथल्या दगडात कोएसाइट हे खनिज सापडलं. क्वार्ट्झवर प्रचंड दाब पडल्याशिवाय ते तयार होत नाही. तेव्हा शंका मिटली. याच अशनीचे तुकडे वापरून क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं ठरवलं होतं, आणि तो आकडा आजही जवळपास तसाच आहे.

मराठी माणसाने या काठावर लोणारची आठवण काढावीच. बुलढाण्यातलं आपलं विवर १.८ किलोमीटर व्यासाचं, म्हणजे याहून मोठं, आणि बेसॉल्टमध्ये झालेलं. चंद्राचे काळे सपाट भागही बेसॉल्टचे आहेत. त्यामुळे तिथली विवरं समजून घ्यायला लोणारचा दगड अधिक जवळचा. इथे काठावर सुरेख संग्रहालय आहे. लोणारच्या काठावरही तितक्याच तोडीचं काही असायला हवं, असं मनापासून वाटतं.

आणखी पूर्वेला पेट्रिफाइड फॉरेस्ट. कैबाब आता खोल पायाखाली गेलेली असते आणि आपण २१-२२ कोटी वर्षांपूर्वीच्या चळतीवर चढलेलो असतो. गाळात पुरलेल्या ओंडक्यांच्या पेशीपेशीत सिलिका भरून त्यांचा दगड झालाय. लोक तुकडे खिशात घालतात आणि कित्येक जण पुढे वाईट वाटून ते पोस्टाने परत पाठवतात. ते जागेवर ठेवता येत नाहीत, कारण नेमके कुठून उचलले होते ते ठाऊक नसतं, आणि जागा हरवली की शास्त्राच्या दृष्टीने दगडाची किंमत जाते. तेव्हा उचलूच नये.

फ्लॅगस्टाफची रात्र चुकवू नका. १९३० मध्ये क्लाइड टॉमबॉ यांनी प्लूटो शोधला तो इथल्या लोवेल वेधशाळेत. या गावाने आकाशात झोत फिरवणाऱ्या दिव्यांवर १९५८ मध्येच बंधन घातलं आणि २००१ मध्ये जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय’ शहर म्हणून त्याला मान्यता मिळाली.

इथून दक्षिणेला फिनिक्स सुमारे २३० किलोमीटरवर, पण उतार तब्बल पावणेदोन किलोमीटरचा. मोगोयॉन रिम नावाच्या लांबलचक कड्याशी पठार संपतं आणि कैबाब मागे राहते. कड्याच्या पायथ्याशी सेडोना आहे. ओक क्रीकच्या दरीतून उतरणाऱ्या ८९ ए या रस्त्याने गेलात तर पाइनच्या गर्द सावलीतून लाल खडकांत घाट उतरल्यासारखं होतं. आंतरराज्य १७ वरून गेलात तर ब्लॅक कॅन्यन सिटीच्या आसपास डोंगरउतारांवर पहिले सग्वारो उभे दिसतात.

हा महाकाय निवडुंग बारा मीटर आणि त्याहूनही उंच होतो, दीडशे-दोनशे वर्षं जगतो. सुरुवातीची आठ-दहा वर्षं मात्र बोटभर उंचीतच काढतो, तीही एखाद्या पालो वर्दे झाडाच्या सावलीत. दीर्घ हिमकडाका त्याला सोसत नाही, म्हणून वर फ्लॅगस्टाफकडे तो नाही. उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणून तो पर्णरंध्रं रात्री उघडतो, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा रंध्रं मिटून त्याची साखर करतो. आपल्या बांधावरचं घायपात आणि अननसही हेच करतात. यासाठी रात्र गार पडावी लागते.

फिनिक्समध्ये नेमकी तीच पडेनाशी झाली आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथे सलग ३१ दिवस पारा रोज ४३.३ अंशांवर गेला आणि १९ जुलैला रात्रीचं किमान तापमान ३६ अंशांच्या खाली उतरलं नाही. डांबर आणि काँक्रीट दिवसाची उष्णता रात्रभर सोडत राहतात. त्या उन्हाळ्यात शहरातले कित्येक सग्वारो आतून खचले, त्यांचे हात गळून पडले. शहराला पाणी पाजणारा एक मोठा कालवा कोलोरॅडोतून येतो, ५४० किलोमीटर लांबीचा. टूसॉन शहरापर्यंत जाताना ते पाणी पंपांनी एकूण ८८० मीटर उचलावं लागतं. २०२२ पासून त्यात कपात सुरू आहे.

फिनिक्सलगतच्या चँडलर-टेंपीकडे नातेवाईक असतील आणि उन्हाळ्यातच जाणं होत असेल, तर टूसॉनजवळचा कॅटालिना हायवे धरा. चाळीसेक किलोमीटरमध्ये सग्वारोंतून ओक, मग पाइन आणि माथ्याजवळ फरच्या झाडीत पोहोचता, वर थंड हवा असते. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये दुपारच्या आत खाली या. तिथलाही पावसाळा मान्सूनच म्हणवतो, आणि माथ्यावर विजा त्याच वेळी कोसळतात.