विहिरीवरच्या पंपापासून चाकातल्या मोटारीपर्यंत: कंट्रोलरच्या तारांची पार्श्वभूमी

मराठवाड्याच्या तालुक्याच्या गावात इलेक्ट्रिक बाइक बंद पडली, की लोक ती मोंढ्याजवळच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात ढकलत नेतात. सर्व्हिस सेंटर लांब, आणि वायंडिंगवाला ओळखीचा. गाडी चुकीच्या ठिकाणी गेली असं मी म्हणणार नाही. चाकातली हब मोटार आणि विहिरीवरची मोटार, दोन्ही थ्री फेजच. पण दोघींचा इतिहास वेगळा आहे. तो माहीत नसेल तर कंट्रोलर, म्हणजे बॅटरीचा करंट मोटारीला क्रमाने देणारी डबी, जळतो.

आपल्याकडची ही कारागिरी शेतीतून आली. 1960 साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं, पुढे खेडोपाडी वीज पोहोचली, विहिरींवर मोटारी बसल्या. 1972 च्या दुष्काळानंतर बोअर वाढले, मागोमाग सबमर्सिबल आले. व्होल्टेज कमी, मध्येच एखादा फेज गायब, आणि मोटार जळालेली. या जळालेल्या मोटारींवरच वायंडिंगवाल्यांच्या पिढ्या तयार झाल्या. लाल, पिवळा, निळा हे तीन फेज त्यांच्या बोटांना पाठ आहेत. पंप उलटा फिरला तर कुठल्याही दोन फेजची अदलाबदल करायची, की काम झालं.

बाइकला हीच युक्ती केली की चाक झटके देतं, घुरघुरतं, करंट भरमसाठ ओढतं आणि कंट्रोलर तापतो. याचं कारण मोटारीच्या घराण्यात आहे. पंपाला फिरतं चुंबकीय क्षेत्र थेट लाइनमधून मिळतं. हब मोटार मात्र डीसी मोटारीच्या वंशातली. जुन्या डीसी मोटारीत कार्बन ब्रश आणि कम्युटेटर करंटची दिशा बदलत असत. ब्रश झिजायचे, ठिणग्या उडायच्या. 1962 मध्ये विल्सन आणि ट्रिकी या अमेरिकी अभियंत्यांनी हे काम सेमीकंडक्टरकडून करून घेणारी डीसी मोटार मांडली. आजच्या कंट्रोलरमधले मॉस्फेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, ब्रशचंच काम करतात.

पण कुठली कॉइल कधी चालू करायची, हे कळायला चाकासोबत फिरणारं चुंबक कुठे आहे ते समजावं लागतं. ते सांगतात हॉल सेन्सर. एडविन हॉलने 1879 मध्ये सोन्याच्या पातळ पत्र्यावर पाहिलेल्या परिणामावर ते चालतात. नुसते फेज बदलले की या सेन्सरच्या सिग्नलशी त्यांचा मेळ बसत नाही, म्हणून चाक झटके देतं. 1980 च्या दशकात निओडिमियम चुंबक आले, चाकात मावेल एवढी ताकदवान मोटार शक्य झाली. 1999 मध्ये चीनने इलेक्ट्रिक सायकलींचं राष्ट्रीय मानक ठरवलं. त्यानंतर तिथे उत्पादन झपाट्याने वाढलं आणि अॅल्युमिनियमच्या डबीतला कंट्रोलर आपल्या बाजारातही सुटा मिळू लागला.

त्या डबीतून निघणाऱ्या तारा नीट बघा. जाड तीन तारा फेजच्या, बहुधा पिवळी, हिरवी, निळी. इथे हिरवी म्हणजे अर्थिंग नव्हे! घरच्या वायरिंगच्या सवयीने ती बॉडीला जोडली तर नुकसान ठरलेलं. बारीक पाच तारा हॉलच्या: लाल 5 व्होल्टची, काळी ग्राउंड, उरलेल्या तीन सिग्नलच्या. फेज आणि सिग्नल मिळून जोडण्याच्या 36 तऱ्हा होतात. त्यातल्या फक्त सहा बरोबर, तीन सुलट्या आणि तीन उलट्या. बऱ्याच कंट्रोलरना सेल्फ लर्निंगची दोन टोकं असतात. चाक अधांतरी ठेवून ती जोडली की कंट्रोलर स्वतः क्रम शोधतो. तरीही रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून मल्टिमीटरवर भरवसा ठेवावा, रंगावर नाही.

चाक हाताने जड फिरत असेल तर बॅटरी काढून फेजचे कपलर, म्हणजे तारांचे जोड, सोडवा. चाक मोकळं झालं तर मॉस्फेट शॉर्ट आहेत. जडच राहिलं तर दोष मोटारीत किंवा तिच्या केबलमध्ये, आणि ती केबल बहुधा अॅक्सलमधून बाहेर येते तिथेच सोललेली सापडते. अॅक्सलचा नट सैल राहिला की अॅक्सल फिरतो आणि केबलला पीळ बसतो. हॉल तपासायचे तर बॅटरी परत लावा, हॉलचा कपलर जोडलेला ठेवा, स्विच चालू करा आणि मीटरचं एक टोक काळ्या तारेवर, दुसरं सिग्नलवर धरून चाक सावकाश फिरवा. आकडा शून्याजवळून पाचाजवळ आणि परत, असा पडत-चढत राहिला पाहिजे. एका तारेवर तो हललाच नाही तर त्या सेन्सरची नाहीतर तारेची शंका घ्यावी. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात, चढावर दोन माणसं घेऊन चाललेल्या गाडीची मोटार आतून किती तापत असेल, याचा अंदाज करा. सेन्सर त्याच उष्णतेत बसलेले असतात.

केंद्र सरकारच्या 2015 आणि 2019 च्या फेम योजनांनी या गाड्यांना अनुदान दिलं. वाळूजला बजाजचा कारखाना 1985 पासून आहे, आणि 2024 मध्ये इलेक्ट्रिक स्कूटर बनवणाऱ्या एथरने बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक नगरीत कारखाना जाहीर केला. गाड्या आता इथेच बनतील. मग त्यांचे वायरिंग डायग्राम मोंढ्यातल्या वायंडिंगवाल्याला आणि आयटीआयच्या पोरांना मराठीत मिळायला हवेत, गाडीच्या किल्लीसोबतच.