रंगीत पडदा आणि त्यामागची मेमरी

नवा रंगीत ग्राफिंग कॅल्क्युलेटर, म्हणजे पडद्यावर आलेख काढणारा, येणार अशी कुणकुण लागली की त्यावर प्रोग्रॅम लिहिणारे आधी रंग किती हे विचारत नाहीत. प्रोसेसर कोणता, वापरायला रॅम किती मोकळी, पडद्याची मेमरी थेट हाताशी येते का आणि कंपनीबाहेरचा मशीन कोड (प्रोसेसरला थेट कळणाऱ्या आज्ञा) चालू देणार का, हे चार प्रश्न आधी येतात. यातला एकेक प्रश्न कुठल्या ना कुठल्या मॉडेलने शिकवलेला आहे.

आपल्याकडे हा छंद फारसा रुजला नाही, त्याला कारण आहे. इंजिनिअरिंगच्या परीक्षांना नॉन-प्रोग्रॅमेबल सायंटिफिक कॅल्क्युलेटरच चालतो, म्हणून दप्तरात कॅसिओचा एफएक्स-९९१ असतो. मुंबई-पुण्यातल्या आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांतली मुलं आणि अमेरिकेत शिकणारी मराठी घरांतली मुलं मात्र ग्राफिंग कॅल्क्युलेटर रोज वापरतात, आणि त्यांच्यातलाच एखादा वर्गात गेम लिहायला बसतो.

पहिला ग्राफिंग कॅल्क्युलेटर कॅसिओचा एफएक्स-७०००जी, १९८५ सालचा. पडदा ९६ × ६४ ठिपक्यांचा आणि प्रोग्रॅमला जागा ४२२ बाइट. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, म्हणजे टीआय, या कंपनीचा टीआय-८१ हा १९९० मध्ये आला, पण त्याला केबल जोडायची सोय नव्हती. प्रोग्रॅम एकेक कळ दाबूनच भरावा लागे. १९९२ च्या टीआय-८५ ला ती सोय मिळाली आणि तिथून खरी सुरुवात झाली. या यंत्रात मशीन कोड चालवायची अधिकृत वाट नव्हती. तेव्हा उत्साही मंडळींनी पूर्ण मेमरीचा बॅकअप संगणकावर घेतला, त्यात कस्टम मेनूची एक नोंद अशी बदलली की ती निवडताच प्रोसेसर आपल्या कोडवर उडी मारेल, आणि तो बॅकअप केबलने परत यंत्रात भरला. झी-शेल या नावाने हा प्रकार पसरला. कंपनीने त्यातून धडा घेतला, आणि तो चांगला घेतला. १९९६ च्या टीआय-८३ मध्ये मशीन कोड चालवणारी आज्ञा गुपचूप ठेवलेली होती, तर १९९९ च्या टीआय-८३ प्लसमध्ये ती उघडपणे कॅटलॉगमध्ये आली. सोबत फ्लॅश मेमरी आली, त्यामुळे प्रोग्रॅम ‘आर्काइव्ह’ करता, म्हणजे तिच्यात जपून ठेवता, येऊ लागला. यंत्र हँग होऊन रॅम पुसली गेली तरी आर्काइव्हमधलं शाबूत राहतं. मशीन कोडची चाचणी घेण्यापूर्वी मूळ प्रत आर्काइव्हमध्ये टाकायची, हा नियम तेव्हापासूनचा.

रंग सर्वांत आधी कॅसिओने आणला. १९९६ च्या सीएफएक्स-९८५०जी मध्ये निळा, नारिंगी आणि हिरवा असे तीन रंग होते आणि रॅम ३२ किलोबाइट. तीन आलेख तीन रंगांत काढून ओळखू येतात, एवढाच त्याचा उपयोग. टीआयवाले तोवर काळ्या-पांढऱ्या पडद्यातून करड्या छटा काढत होते. दोन चित्रं झपाझप आलटून पालटून दाखवायची. जो ठिपका एकातच काळा, तो डोळ्यांना करडा दिसतो. यात वेळ जराशी चुकली की पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात.

फोनसारखा भरपूर रंगांचा पडदा आला तो कॅसिओच्या प्रिझ्मसोबत. २०१० च्या शेवटी जाहीर झालेलं हे यंत्र उत्तर अमेरिकेत एफएक्स-सीजी१० आणि इतरत्र एफएक्स-सीजी२० या नावाने विकलं गेलं. पडदा ३८४ × २१६, रंग ६५,५३६, प्रोसेसर सुपरएच घराण्यातला, वेग सुमारे ५८ मेगाहर्ट्झ. या पडद्याचं एक चित्र १,६५,८८८ बाइट भरतं, पण प्रोसेसर ३२ बिटांचा असल्यामुळे ते झेपतं. प्रोग्रॅम लिहिण्यासाठी कॅसिओने काही साधनं दिली नाहीत. लोकांनी जीसीसी या खुल्या कंपायलरवर स्वतःची उभी केली आणि ‘ॲड-इन’ (बाहेरून घालायचा प्रोग्रॅम) फाइलचा ढाचा स्वतः उलगडला.

याच सुमाराला टीआयकडे काय चाललं होतं, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढची उत्सुकता कळत नाही. २००९ मध्ये एका छंदी प्रोग्रॅमरने टीआय-८३ प्लसच्या ऑपरेटिंग सिस्टमवर सही करणारी ५१२ बिटांची आरएसए किल्ली, म्हणजे ती सिस्टम कंपनीचीच आहे हे यंत्राला पटवणारा गुप्त आकडा, एकट्या संगणकावर सुमारे अडीच महिने गणित चालवून फोडली. आता स्वतः लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टमही त्या यंत्रात भरता येणार होती. मग अनेकांनी आपापले संगणक जोडून बाकीच्या मॉडेलांच्या किल्ल्याही शोधल्या. कंपनीने कायदेशीर नोटिसा पाठवल्या आणि इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन ही संस्था छंदिष्टांच्या बाजूने उभी राहिली. दुसरीकडे टीआय-एनस्पायर मालिकेत मशीन कोडला पहिल्यापासून बंदी होती. एन्डलेस नावाचं साधन वाट उघडायचं आणि पुढची ओएस (ऑपरेटिंग सिस्टम) ती बुजवायची. २०११ चा एनस्पायर सीएक्स ३२० × २४० चा रंगीत पडदा घेऊन आला, त्यावर लुआ भाषाही चालायची, पण यंत्राच्या अगदी तळापर्यंत जायचं तर ही ओढाताण सोडवावीच लागे. म्हणून २०१२ च्या शेवटी टीआय-८४ प्लस रंगात येणार हे जाहीर झालं तेव्हा आनंद मोठा होता. हा उघड्या दाराचा जुना कॅल्क्युलेटर होता.

२०१३ मध्ये टीआय-८४ प्लस सी सिल्व्हर एडिशन हातात आला. पडदा सुंदर, ३२० × २४०, प्रत्येक ठिपक्याला १६ बिट. चार्ज होणारी लिथियम बॅटरी, आर्काइव्हला साडेतीन मेगाबाइट. पण प्रोसेसर तोच जुना झेड-८०, वेग तोच १५ मेगाहर्ट्झ, आणि वापरायला रॅम २१ किलोबाइट, म्हणजे काळ्या-पांढऱ्या टीआय-८४ प्लसपेक्षाही तीनेक किलोबाइट कमी.

इथे आकडेमोड करूनच बघावं. जुन्या पडद्याचं पूर्ण चित्र ९६ × ६४ भागिले ८, म्हणजे ७६८ बाइट. नव्याचं ३२० × २४० गुणिले २, म्हणजे १,५३,६०० बाइट, बरोबर २०० पट. हे बाइट पडदा चालवणाऱ्या चिपला, म्हणजे कंट्रोलरला, एका पोर्टमधून एकेक करून द्यावे लागतात. झेड-८० ची ओटीआयआर ही आज्ञा एका बाइटला २१ क्लॉक (प्रोसेसरचे ठोके) घेते. एका चित्राला सव्वाबत्तीस लाख क्लॉक, म्हणजे १५ मेगाहर्ट्झला ०.२१५ सेकंद. सेकंदाला पाच चित्रंही धड नाहीत, आणि यात गेमचा एकही हिशेब केलेला नाही. सुट्या आज्ञा एकाखाली एक लिहून बाइटमागे १६ क्लॉकवर आणलं तरी सहाच्या आसपास गाडी अडते.

रॅमचंही तेच. १६ × १६ ठिपक्यांची एक फरशी (गेमचा नकाशा जोडायचा चौकोनी तुकडा) पूर्ण रंगात ५१२ बाइट घेते. अशा ४० फरशांचा नकाशा केला की २०,४८० बाइट, रॅम संपली. टीआयने स्वतःही हीच तडजोड केली. आलेखामागे ठेवायची चित्रं १३३ × ८३ एवढीच साठवून ती दुप्पट ताणून दाखवली जातात, आणि त्या अर्ध्या आकारातही एक चित्र सुमारे २२ किलोबाइट होतं. रॅममध्ये ते मावतच नाही, म्हणून ते आर्काइव्हमधूनच चालतं.

यातून लोकांनी काढलेले मार्ग मात्र कौतुकाचे आहेत. पूर्ण पडदा पुन्हा काढायचाच नाही, फक्त हललेल्या आकृतीची जुनी जागा पुसायची आणि नवी रंगवायची. चित्रं १६ रंगांच्या तक्त्यात ठेवायची, म्हणजे दोन ठिपके एका बाइटमध्ये बसतात आणि ५१२ बाइटांची फरशी १२८ वर येते. एक्सलिब-सी या लायब्ररीने तर कंट्रोलरच्या एका सोयीचा उपयोग करून १६० × २४० चा अर्धा पडदा वापरला, म्हणजे काम एका फटक्यात निम्मं.

यंत्रातल्याच बेसिक भाषेत लिहिणाऱ्यांची अडचण वेगळी होती. जुने प्रोग्रॅम चालत होते, पण दिसत चुकीचे. जुन्या आलेख-पडद्यावर ठिपक्याची ओळ ० ते ६२ आणि स्तंभ ० ते ९४. नव्यावर ओळ ० ते १६४ आणि स्तंभ ० ते २६४. जुन्या मापात काढलेलं सगळं डाव्या-वरच्या कोपऱ्यात गोळा होई. अक्षरांचा पडदा ८ ओळी × १६ अक्षरांऐवजी १० × २६ झाला, त्यामुळे सोळाव्या अक्षरानंतर ओळ आपोआप खाली येईल असं गृहीत धरलेले मेनू विसकटले. रंगाचे आकडे १० पासून सुरू होतात : १० निळा, ११ लाल, १२ काळा, आणि तसेच पुढे २४ पर्यंत, एकूण १५ रंग. मशीन कोडचे जुने प्रोग्रॅम चाललेच नाहीत, कारण पडदाच वेगळा. तेव्हाची निराशा रास्त होती. पडदा नवा आणि मागचं यंत्र जुनं, हे जाहिरातीवरून कळत नव्हतं.

दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, टीआय-८४ प्लस सीई आला आणि चूक दुरुस्त झाली. पडदा तेवढाच, पण प्रोसेसर ईझेड-८०, वेग ४८ मेगाहर्ट्झ, पत्ते २४ बिटांचे, वापरायला रॅम १५४ किलोबाइट. सगळ्यात मोठा बदल असा, की पडद्याची मेमरी आता प्रोसेसरच्या थेट आवाक्यात आली. पोर्टमधून बाइट ढकलायचे नाहीत, मेमरीत लिहायचं, कंट्रोलर ते स्वतः उचलून दाखवतो. कंट्रोलर ८ बिटांच्या रीतीत टाकला की एक ठिपका म्हणजे एक बाइट आणि २५६ रंगांचा तक्ता. एक चित्र ७६,८०० बाइट. पडद्याची मेमरी १,५३,६०० बाइट, म्हणजे दोन चित्रं अचूक मावतात. एक दिसत असताना दुसरं काढायचं आणि मग अदलाबदल करायची. पडद्याची लुकलुक यानेच थांबली. ठिपक्याचा पत्ता काढायला ओळ गुणिले ३२० अधिक स्तंभ, बस्स.

नवख्यांची नेहमीची चूक इथलीच. प्रोग्रॅम संपताना कंट्रोलर परत १६ बिटांच्या रीतीत न आणता बाहेर पडलं, की ओएसचा पडदा भलत्या रंगांचा आणि आडवा फाटलेला दिसतो. यंत्र बिघडलेलं नसतं. मागच्या बाजूचं रिसेट बटण दाबलं की पडदा ठीक होतो, रॅममधलं मात्र जातं. सी भाषेत लिहिणाऱ्यांसाठी लोकांनीच टूलचेन (कंपायलर आणि सोबतची साधनं) तयार केली आहे. तिच्या ग्राफिक्स लायब्ररीत शेवटी बोलावायचं फंक्शन नेमकं एवढ्यासाठी आहे.

इतर कंपन्याही याच काळात उतरल्या. २०१३ च्या एचपी प्राइमला स्पर्शपडदा आणि ४०० मेगाहर्ट्झचा एआरएम प्रोसेसर होता, भाषा मात्र स्वतःची. २०१७ मध्ये फ्रान्सच्या नमवर्क्सने मायक्रोपायथन (पायथन भाषेची छोटी आवृत्ती) दिलं आणि ऑपरेटिंग सिस्टमचा सोर्स कोड सर्वांसमोर ठेवला. लोकांनी त्याच्या स्वतःच्या आवृत्त्या काढल्या, आणि २०२१ पासून नमवर्क्सनेही कुलूप लावलं.

कुलपामागे परीक्षा आहे. फ्रान्समध्ये कॅल्क्युलेटरला परीक्षा-मोड आणि तो चालू असल्याचं दाखवणारा दिवा लागतो, आणि मशीन कोड चालत असेल तर तो दिवा खोटा पाडता येतो. २०२० मध्ये टीआयने सुरक्षेचं कारण देऊन सीई मालिकेच्या नव्या ओएसमधून मशीन कोड चालवायची सोय काढली. त्याच वर्षी आर्टिफाइस नावाच्या साधनाने ती परत मिळवून दिली. पण जवळजवळ पंचवीस वर्षं उघडं असलेलं दार कंपनीने आपण होऊन बंद केलं, ही बोच आहे. त्याऐवजी पायथन आलं, पण सीईमध्ये ते मुख्य प्रोसेसरवर चालत नाही. त्यासाठी वेगळी एआरएम चिप बसवली आहे आणि तिच्यात एकूण रॅम ३२ किलोबाइट. दोन-तीन मॉड्यूल घेऊन एक मोठी यादी केली की मेमरी संपल्याची चूक येते. १५४ किलोबाइट शेजारी मोकळे असून उपयोग नाही.

म्हणून सीई घेतलेल्याने पहिल्याच दिवशी सेकंड आणि मग मेम कळ दाबून ‘अबाउट’मध्ये ओएसची आवृत्ती बघावी. ५.४ किंवा त्याआधीची असेल तर मशीन कोड थेट चालतो. संगणकाला जोडताच अपडेट करू का असं विचारलं जातं, तिथे नाही म्हणावं. एकदा नवी ओएस बसली की जुनी परत बसत नाही.