७४-० च्या मागे काय होतं?

१ जुलै २०२३ रोजी ऑस्ट्रेलियातल्या टाऊन्सव्हिलमध्ये नॉर्थ क्वीन्सलँड काऊबॉइजनी वेस्ट्स टायगर्सचा ७४-० असा धुव्वा उडवला. सिडनीच्या या रग्बी लीग क्लबचा हा सर्वांत मोठा पराभव. जिवाला लागते ती गोष्ट वेगळीच. जेमतेम सहा आठवड्यांपूर्वी लायकार्ट ओव्हलवर याच टायगर्सनी याच काऊबॉइजना ६६-१८ असं लोळवलं होतं. गुण मिळवणं या संघाला जमत होतं, अडवणं जमत नव्हतं.

हे दुखणं जुनं आहे. बालमेन आणि वेस्टर्न सबर्ब्स हे दोन्ही क्लब १९०८ पासूनचे. ते एकत्र येऊन २००० साली टायगर्स मैदानात उतरले. त्याआधीच्या, १९९९ च्या हंगामात वेस्टर्न सबर्ब्सनी तब्बल ९४४ गुण दिले होते. नव्या संघाला घरंही दोन मिळाली: शहराच्या पोटातलं लायकार्ट आणि दूर नैऋत्येचं कॅम्पबेलटाऊन.

पण बचाव कच्चा आहे एवढं म्हणून भागत नाही. या खेळात बचाव आणि जागा एकमेकांना बांधलेल्या असतात. चेंडू हाती आल्यावर सहा टॅकल मिळतात, म्हणजे समोरच्यांनी सहा वेळा धरून पाडेपर्यंत चेंडू आपला. सहाव्यात चेंडू समोरच्याला जातो. म्हणून पाचव्यानंतर लांब किक मारायची. तोवर तीसच मीटर पुढे सरकला असाल, तर किक फार खोल जात नाही आणि समोरचे बऱ्याच पुढून चाल करून येतात. प्रत्येक टॅकलनंतर बचावफळीला दहा मीटर मागे पळायचं असतं. मग चेंडू सरपटत गोलरेषेमागे येतो, आपला माणूस तो उचलतो आणि तिथेच धरला जातो. आता ड्रॉपआऊट, म्हणजे गोलरेषेवरून किक मारून चेंडू पुन्हा त्यांनाच आणि सहा टॅकल नव्याने. गुडघ्यांवर हात टेकून उभे असलेले थोराड गडी पाहिले, की पुढची ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळणारे गुण) कडेने होणार हे कळून चुकतं. कबड्डीत चढाई तीस सेकंदांत आटोपते आणि साखळीला दम खाता येतो. इथे ती सोय नाही.

२०२० पासून तर टॅकलनंतर खेळ रेंगाळवला तर पेनल्टीऐवजी बहुतेक वेळा थेट नवे सहा टॅकल मिळू लागले. पेनल्टीच्या वेळी मिळणारी उसंतही गेली. माझ्या मते हा बदल दुबळ्या संघांना सर्वांत जड गेला.

टायगर्सचं एकमेव विजेतेपद २००५ चं, अंतिम सामन्यात काऊबॉइजविरुद्धच ३०-१६. त्यात टायगर्सचा बेन्जी मार्शल आपल्याच टोकाकडून सुसाट सुटला आणि पाठीमागून अलगद पास देऊन त्याने सहकारी पॅट रिचर्ड्सकडून ट्राय करवली. ती ट्राय आजही अंगावर काटा आणते. पण तिचं गारूड क्लबवर इतकं बसलं, की मीटरमीटरने जागा कमावण्याचं रटाळ काम मागे पडलं, असं मला मनापासून वाटतं. २०११ नंतर बाद फेरी दुरावली. २०२२ मध्ये सिडनी रूस्टर्सकडून ७२-६ अशी हार. २०२४ मध्ये प्रशिक्षकपद मार्शलकडेच आलं, आणि त्या वर्षी सलग तिसऱ्यांदा संघ तळाला राहिला.